जपानची शिक्षक प्रशिक्षण शिष्यवृत्ती: नोकरीतल्या शिक्षकांनी अर्ज कसा करायचा

दरवर्षी दिवाळी सरली की मला शिक्षकांचे फोन यायला लागतात. "मॅडम, ते जपानचं नेमकं काय करायचं असतं?" प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि ज्या चुकांमुळे चांगले अर्ज बाद होतात त्याही दरवर्षी त्याच. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. जपान सरकारच्या या शिष्यवृत्तीवर मी दीड वर्ष ओकायामा विद्यापीठात राहून आले. पुण्यातलं सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुम्ही पाहिलं असेल. ते ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. त्यामुळे गावाचं नाव आपल्याकडे अगदीच परकं नाही.

शिष्यवृत्ती देतं जपानचं शिक्षण मंत्रालय. सगळे त्याला मेक्स्ट म्हणतात. ती प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांसाठी आणि शिक्षक-प्रशिक्षण संस्थांतल्यांसाठी आहे, विद्यापीठातल्या प्राध्यापकांसाठी नाही. ऑक्टोबरमध्ये जायचं आणि दीड वर्षाने, मार्चमध्ये परतायचं. जपानी येत नसेल तर पहिले सहा महिने भाषेचे, उरलेलं एक वर्ष प्रत्यक्ष प्रशिक्षणाचं. महिन्याला १ लाख ४३ हजार येन मिळतात, विद्यापीठाची फी माफ असते आणि जाण्या-येण्याचं विमानाचं तिकीट मिळतं. पदवी मात्र मिळत नाही, प्रमाणपत्र मिळतं. मुदत वाढवून मिळत नाही आणि तिथेच पुढे एम.ए. किंवा पीएच.डी.ला वळताही येत नाही. ज्यांना पदवी हवी आहे त्यांनी दुसरी वाट धरावी. इथे अर्ज करून नंतर हिरमोड करून घेऊ नये.

१. आधी वय आणि सेवा मोजा

दोन अटी आहेत आणि आपल्याकडच्या शिक्षकांना त्या दोन्ही बाजूंनी आवळतात. एक, ज्या वर्षी जायचं त्या वर्षीच्या १ एप्रिलला वय ३५ च्या आत हवं. २०२५ च्या तुकडीसाठी जन्म २ एप्रिल १९९० किंवा त्यानंतरचा असणं आवश्यक होतं. दोन, त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपर्यंत शिकवण्याची एकूण पाच वर्षं पूर्ण व्हायला हवीत.

आता आपली गत बघा. बी.एड. होऊन भरतीची वाट बघण्यात वर्षं जातात, मग तीन वर्षं शिक्षण सेवक, आणि कायम होईपर्यंत तिशी ओलांडलेली असते. म्हणजे अनेकांच्या हातात अर्जासाठी जेमतेम दोन-तीन हिवाळे असतात. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून माझ्या दोन मैत्रिणींची संधी कायमची गेली. शिक्षण सेवकाची वर्षं पूर्ण वेळ शिकवण्याचीच असतात. ती अनुभवाच्या दाखल्यात तारखांसह वेगळी लिहून घ्या.

पस्तिशी उलटली असेल, किंवा घर सोडून दीड वर्ष राहणं शक्य नसेल, तर फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट हा अमेरिकेतला सहा आठवड्यांचा कार्यक्रम पाहा. तोही माध्यमिक शिक्षकांसाठीच आहे आणि भारतात त्याचं काम युसिफ ही संस्था बघत आली आहे. त्या वर्षीची सूचना निघाली आहे का, ते आधी बघा आणि मगच तयारीला लागा.

२. नाव सगळीकडे एकच आहे का?

हे क्षुल्लक वाटतं, पण माझे सर्वांत जास्त दिवस यातच गेले. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. माझं बी.एड.चं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि सेवापुस्तक सासरच्या नावाने होतं. बाहेरच्या देशातल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात, त्यात त्याची चूक नाही.

पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना. अर्ज त्याच नावाने, अक्षर न अक्षर तसंच भरा. नाव बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. पासपोर्टच नसेल तर आजच सुरुवात करा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र किंवा पूर्वसूचनेचं पत्र लागतं आणि त्या फायलीला वेळ लागतो.

३. संस्थेशी आधी बोला, अर्ज नंतर भरा

अर्जाला सध्याच्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र आणि नोकरीचा दाखला लागतो. म्हणजे गुपचूप अर्ज करता येत नाही. करूही नये. माझ्याबरोबर लेखी परीक्षेला बसलेला एक शिक्षक निवडला गेला, पण संस्थेने ऐन वेळी रजा नाकारली. त्याची तयारी माझ्यापेक्षा सरस होती. त्याची जागा तशीच गेली, ही गोष्ट मला आजही सलते.

म्हणून अर्जाच्या आधीच मुख्याध्यापक आणि संस्थेच्या सचिवांकडे एक पानाचं निवेदन द्या. कार्यक्रम काय, किती महिने, खर्च कोणाचा, परत आल्यावर शाळेला काय मिळणार, तुमच्या तासिकांची सोय काय. त्यावर आवक क्रमांक घ्या. तोंडी "जा की, आम्हाला आनंदच आहे" यावर विसंबू नका. निवड झाल्यावर रजेचा प्रकार, सेवाखंड होणार की नाही आणि वेतनवाढीचं काय, हे संस्थेच्या ठरावात आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पत्रात लेखी यायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती. रजा बिनपगारी असेल तर पगारातून होणाऱ्या सगळ्या कपाती थांबतात. पतसंस्थेचा हप्ता, विम्याचा हप्ता, सगळं. पतसंस्थेचे हप्ते थकले की वसुली तुमच्या जामीनदारांच्या पगारातून सुरू होते, आणि जामीनदार म्हणजे स्टाफरूममध्ये शेजारी बसणारेच. जाण्याआधी बँकेतून थेट हप्ता वळता करण्याची व्यवस्था करा आणि जामीनदारांना ती स्वतः जाऊन सांगा.

४. अभ्यासाचा आराखडा: इथे पूर्ण महिना द्या

अर्जात तुम्ही जपानमध्ये काय अभ्यासणार ते लिहायचं असतं. अर्ज तरतो किंवा बुडतो तो इथेच, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या पहिल्या मसुद्यात जपानी शिस्त, तंत्रज्ञान, वक्तशीरपणा यांचं कौतुक होतं. तो मसुदा मी माझ्या बी.एड.च्या बाईंना दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या, "यात तुझा वर्ग कुठे आहे?" मग मी सहामाहीचे नववीचे भूमितीचे पेपर काढून बसले. मुलांनी प्रमेय ओळखलं होतं. 'पक्ष' लिहिला होता, 'साध्य' लिहिलं होतं, आकृतीही नीट काढली होती. आणि 'सिद्धता' या शब्दापुढे निम्म्याहून अधिक पेपर कोरे. पाठ झालेलं सगळं होतं, फक्त पहिलं पाऊल कुठून टाकायचं ते त्यांना कळत नव्हतं. माझा आराखडा त्या कोऱ्या जागेवर उभा राहिला: सिद्धतेची सुरुवात मुलांना स्वतः सुचावी म्हणून जपानच्या माध्यमिक शाळांत प्रश्न कसा मांडतात?

तुम्हीही असंच करा. एकच अडचण घ्या, आपल्या वर्गात दिसलेली, मोजता येणारी. ती दोन वाक्यांत सांगा. तुम्ही आजवर काय करून पाहिलं आणि ते का पुरलं नाही, ते लिहा. मग जपानमधलं काय बघायचं आहे ते नेमकं सांगा, आणि परत आल्यावर कोणत्या इयत्तेत, कोणत्या घटकावर ते वापराल ते लिहा. 'शैक्षणिक गुणवत्ता वाढवणे' असल्या विषयात काहीच हाती लागत नाही. प्रयोगवही, दुसरी भाषा म्हणून इंग्रजीतलं संभाषण, एका विशेष गरजेच्या मुलासाठी वर्गातली बैठक, असे विषय आटोपशीर आणि खरे असतात.

जपानी शिक्षणातल्या ज्या गोष्टीचा आपल्याला सर्वांत जास्त उपयोग होतो ती म्हणजे ज्युग्यो केंक्यू, पाठाचा एकत्र अभ्यास. तिच्याबद्दल अर्जाआधी वाचाच. मी ओकायामाला पोचल्यावर विद्यापीठाच्या संलग्न माध्यमिक शाळेत, आपल्या आठवीएवढ्या मुलांच्या वर्गात असा एक पाठ पाहिला. शिक्षकांनी फळ्यावर पाच टोकांची एक वेडीवाकडी चांदणी काढली आणि विचारलं, पाचही टोकांच्या कोनांची बेरीज किती? पन्नास मिनिटांच्या तासाला एवढा एकच प्रश्न. पहिली सात-आठ मिनिटं सर काही न बोलता बाकांमधून फिरत होते आणि हातातल्या कागदावर कोणत्या मुलाने कोणती रेघ काढली ते टिपत होते. मग त्यांनी मुलांना बोलावलं, पण हात वर केलेल्या क्रमाने नाही, स्वतः ठरवलेल्या क्रमाने. आधी कोनमापकाने मोजणारी मुलगी, मग बाह्यकोनाचं प्रमेय वापरणारा मुलगा, शेवटी दोन टोकं जोडून सगळे कोन एका त्रिकोणात गोळा करणारी दुसरी मुलगी. बेरीज १८० अंश. फळा तासभर एकदाही पुसला नाही. शेवटी डावीकडून उजवीकडे अख्खा पाठ फळ्यावर वाचता येत होता. या फळ्याच्या मांडणीलाही त्यांच्याकडे स्वतंत्र नाव आहे, बान्शो. मागे भिंतीशी वीसेक शिक्षक उभे होते, आणि तास संपल्यावर त्याच दुपारी बसून ते या एका तासावर बोलत राहिले. बोलणं शिक्षकावर कमी आणि मुलांच्या वहीत काय उमटलं यावर जास्त. माझ्या कोऱ्या 'सिद्धते'चं उत्तर त्या खोलीत होतं.

५. विद्यापीठ निवडताना

मंत्रालय सहभागी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांची पुस्तिका देतं. तीतून पसंतीक्रम भरायचा असतो. तोक्यो किंवा मोठं नाव बघून भरू नका. आपल्या विषयाचे मार्गदर्शक आहेत का, प्रशिक्षण इंग्रजीत चालतं की जपानीत, संलग्न शाळा आहे का, या तीन गोष्टी बघा. हिरोशिमा, त्सुकुबा यांसारखी मोठी विद्यापीठं आहेत, तशीच नारुतोसारखी केवळ शिक्षणशास्त्राची छोटी विद्यापीठंही आहेत. छोट्या गावात राहणं स्वस्त पडतं आणि शेजारी ओळखीचे होतात. शेवटी कुठे जायचं ते मंत्रालय ठरवतं.

६. कागदपत्रांचा गठ्ठा

जाहिरात साधारण हिवाळ्यात जपानी दूतावासाच्या संकेतस्थळावर येते आणि मुदत फार थोडी असते. म्हणून हे आधीच गोळा करून ठेवा:

- विहित नमुन्यातला अर्ज, फोटोसह, आणि विद्यापीठांच्या पसंतीचा नमुना
- पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका
- नोकरीचा व अनुभवाचा दाखला
- मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र
- त्यांच्याच नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र, छातीच्या एक्स-रेसह
- इंग्रजी किंवा जपानी परीक्षेचं प्रमाणपत्र, असल्यास

सगळं इंग्रजीत किंवा जपानीत हवं, मराठी कागदाला भाषांतर जोडायचं. प्रतींची संख्या जाहिरातीत असते. तितके संच करा आणि एक स्वतःकडे ठेवा.

दाखल्यात एक खाच आहे. आपलं पद 'सहाय्यक शिक्षक', आणि त्याचं इंग्रजी शब्दशः 'असिस्टंट टीचर' होतं. जपानमध्ये तो शब्द मुख्य शिक्षकाच्या मदतनिसासाठी वाचला जाऊ शकतो. दाखल्यात एक वाक्य वाढवून घ्या: या पूर्ण वेळ, स्वतंत्रपणे वर्ग शिकवणाऱ्या शिक्षिका आहेत, इयत्ता अमुक ते अमुक, विषय अमुक. शिफारसपत्रही 'मेहनती व प्रामाणिक' यावर थांबू नये. मुख्याध्यापकांना तुमचा आराखडा वाचायला द्या आणि त्यांनी तुमच्या वर्गात पाहिलेली एक गोष्ट त्यात लिहायची विनंती करा.

७. लेखी परीक्षा आणि मुलाखत

कागदपत्रांतून निवडलेल्यांची इंग्रजी आणि जपानीची लेखी परीक्षा होते, मग मुलाखत. मी त्यासाठी सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्लीला गेले. ठिकाण आणि वेळ पत्रात कळवतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोचा. हिवाळ्यात उत्तरेकडे धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात.

जपानी येत नसेल तरी त्या पेपराला बसायचंच. पेपर कोरा ठेवण्यापेक्षा हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या शिकून जा. रोज तास-दीड तास दिला तर महिन्याभरात येतात. आपल्याला भाषाही सोपी जाते, कारण वाक्याची घडण आपल्यासारखीच आहे. 'गाक्कोऽ नि इकिमास' म्हणजे 'शाळेला जाते'. क्रियापद शेवटी, आणि 'ला' सारखा प्रत्यय शब्दाच्या मागे. पुण्याजवळ असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीचे वर्ग चालतात.

मुलाखतीत माझ्या आराखड्याच्या बाहेरचं फारसं विचारलंच नाही. "हे पुस्तकं वाचून तुमच्या गावात का जमणार नाही?" हा प्रश्न मात्र रोखून आला. त्याचं उत्तर तयार ठेवा. मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पेपरांच्या छायाप्रती सोबत नेल्या होत्या, त्या दाखवल्या. इंग्रजी सफाईदार नसेल तर घाबरू नका. सावकाश, छोट्या वाक्यांत बोला.

८. निवडीनंतर

दूतावासातली निवड म्हणजे अंतिम निवड नव्हे. कागद पुढे मंत्रालयाकडे जातात, विद्यापीठ ठरतं आणि पक्कं पत्र उन्हाळा उलटून पावसाळ्यात येतं. तोवर राजीनामा, घरभाडं सोडणं, मुलांची शाळा बदलणं यांपैकी काहीही करू नका. तिकीट तेच पाठवतात, स्वतः काढू नका. व्हिसासाठी काय करायचं ते पत्रात येतं. कुटुंब न्यायचं असेल तर आधी एकट्याने जाऊन स्थिरावा. त्यांचा खर्च आपला असतो.

सोबत न्यायच्या पैशांचं गांभीर्याने घ्या. पहिली रक्कम हाती यायला महिना-दीड महिना लागू शकतो, आणि मंत्रालय स्वतःच सुमारे २,००० अमेरिकी डॉलर जवळ ठेवायला सांगतं. ही रक्कम उन्हाळ्यापासून बाजूला काढायला लागा.

९. पोचल्यावर

विमानतळावर निवासपत्र मिळतं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा आणि तिथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचं. मग दवाखान्याच्या बिलाचा ३० टक्के भाग तुमचा. शिष्यवृत्तीसाठी दर महिन्याला विद्यापीठात जाऊन सही करावी लागते. त्या तारखा भिंतीवर लावून ठेवा, सही चुकली की त्या महिन्याचे पैसे गेले.

घरचा मिक्सर नेऊ नका. तिथली वीज १०० व्होल्टची आहे, आपली यंत्रं चालत नाहीत. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणारा न्या. शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: दाशी. हा बहुधा माशाचा अर्क असतो आणि भाजीच्या सूपपासून सोयाबीनच्या पनीरावरच्या रश्श्यापर्यंत कशातही असू शकतो. सुरुवातीचे काही दिवस भाताबरोबर खायला मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी फार कामाला आली.

भाषेचे सहा महिने कंटाळवाणे समजू नका. संलग्न शाळेत गेल्यावर मुलं एकमेकांत जे पुटपुटतात ते कानावर पडून कळलं, तरच निरीक्षणाला अर्थ असतो. पाठाच्या नोंदी त्याच संध्याकाळी मराठीत लिहून काढा आणि फळ्याचे फोटो शाळेची परवानगी घेऊनच काढा. मुलांचे चेहरे अजिबात नकोत, त्याबाबत ते फार काटेकोर आहेत.

१०. परतताना

शेवटच्या दोन महिन्यांत शाळेला पत्र पाठवून रुजू होण्याची तारीख कळवा. परतीचं तिकीट शिष्यवृत्तीच्या मुदतीतच वापरायचं असतं. मुदतीनंतर थांबलात तर ते मिळत नाही. निघण्याआधी नगर कार्यालयात पत्ता आणि विमा बंद करा, बँक खातं मिटवा.

मार्चअखेर परतलं की इथे परीक्षांची धांदल असते आणि कागद मागे पडतात. तरी पहिल्याच दिवशी रुजू अहवाल द्या, प्रमाणपत्राची प्रत आणि तिचं भाषांतर जोडा आणि सेवापुस्तकात नोंद झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझी नोंद व्हायला चार हेलपाटे पडले. जूनमध्ये नववीच्या पहिल्या भूमितीच्या तासाला मी फळ्यावर ती पाच टोकांची चांदणी काढली आणि खडू खाली ठेवला.